बावीस फुटांची खिडकी

मी पेणचा. जन्मभर घरांचे आराखडे काढत आलो. आराखडे म्हणजे फार मोठं काही समजू नका. ग्रामपंचायतीत द्यायच्या चार प्रती, त्यात जिना कुठे, संडास कुठे, शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर किती. त्याखेरीज गणपतीच्या कारखान्यांच्या शेडी. मूर्ती वाळायला वारा हवा पण कडक ऊन नको, रंगकामाला उजेड हवा, आणि पावसाचा थेंब कुठूनही नको. एवढं सांभाळलं की कारखानदार पुन्हा बोलावतो. अशा शेडी मी झोपेतही काढू शकलो असतो. एक-दोन तशाच काढल्या असाव्यात, असं एका कारखानदाराचं म्हणणं होतं.

त्यामुळे जंगलासाठी काम करणाऱ्या ठाण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. रोह्यापासून कोलाडच्या अंगाला, रस्ता सोडून अर्धा तास चढून गेल्यावर, ओढ्याच्या काठावर एक छोटं घर बांधायचं होतं. राहायचं घर नव्हे. लोकांनी यायचं, बसायचं आणि जायचं. पत्रात लिहिलं होतं, ‘माणसाला जंगलाची गोडी लागेल अशी वास्तू अपेक्षित आहे.’ गोडी लागेल अशी वास्तू कशी काढतात ते मला माहीत नव्हतं. उत्तरात मी तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलं.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. पंचवीस वर्षं लोकांच्या मोऱ्या आणि गच्च्या काढल्यावर पहिल्यांदा कुणी माझ्याकडे असं काही मागितलं होतं. दाखवायला नेता येईल असं आपलं एक तरी काम असावं, असं मला फार वाटायचं. बायकोला नेऊन शेडी दाखवता येत नाहीत.

एका जुन्या मासिकात मला एक चित्र सापडलं. कुठल्याशा थंड देशातलं घर, एका बाजूची अख्खी भिंत उघडी, समोर अरण्य, आणि मधोमध एक हरीण घराकडे बघत उभं. आपल्याकडे हरणाची खात्री नव्हती, पण बाकीचं जमण्यासारखं होतं. ओढ्यापलीकडे डोंगर होता, त्यावर साग, ऐन, किंजळ, सगळं दाट. मी त्या बाजूला बावीस फुटांची खिडकी काढली. काच एवढ्या मोठ्या मापाची डोक्यावरून चढवायची कशी, हा प्रश्न होता. म्हणून खिडकी उघडीच ठेवली आणि संस्थेला लिहिलं की माणूस आणि जंगल यांच्यात काच असू नये. संस्थेला ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते आपल्या माहितीपत्रकात छापलं.

बांधकामाला रोह्याचे एक मिस्त्री होते. वय झालेले, बारा वर्षं कुवेतला काढून परत आलेले, नमाजाची वेळ सोडली तर कशासाठीही हातातली थापी खाली न ठेवणारे. त्यांनी माझा कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले.

“ही बाजू पश्चिमेची हाय,” ते म्हणाले.

“हो. जंगल तिकडंच आहे.”

“पाऊस पन तिकडनंच येतो.”

“बघू.”

“आनि वळचन एवढीशी? पागोळ्या कुठं पाडू, साहेबांच्या मांडीवर?”

मी म्हटलं, छप्पर पुढं काढलं तर डोंगराचा माथा दिसत नाही. मिस्त्रींनी मान हलवली. “कुवेतला बगायला काय नव्हता, तरी काचा लावायचे,” ते म्हणाले. “आपल्याकडं बगायला हाय, तर उघडाच ठेवायचा. ठीक हाय. कागद तुमचा.”

पश्चिमेला तोंड करून एवढी मोठी उघडी बाजू आपल्या भागात कुणी गोठ्यालासुद्धा ठेवत नाही. हे मला माहीत होतं. मी पेणचा आहे, नागपूरचा नाही. मूर्तीवर थेंब पडू नये म्हणून मीच शेडींची पश्चिम बाजू बंद ठेवत आलो होतो. पण चित्रातलं ते हरीण माझ्याकडे बघत होतं आणि मी हट्टाला पेटलो.

थंडीत उद्घाटन झालं. संस्थेचे सचिव ठाण्याहून आले. त्यांना सगळे साहेबच म्हणत, मीही म्हणायचो. नारळ फोडला, भाषण झालं, आणि सगळ्यांनी खिडकीकडे पाठ करून फोटो काढला, कारण त्याशिवाय फोटोत जंगल येत नव्हतं.

पुढे जे लोक आले त्यांनीही तेच केलं. डोंगरासमोर मी एक लांब सागवानी बाक ठेवला होता. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तो उलटा फिरवला. पाहुणे त्यावर बसत, डब्यातले पोहे खात आणि एकमेकांकडे बघत. ‘येथे शांत बसावे’ अशी पाटी होती, ती प्रत्येकजण मोठ्यानं वाचायचा. एका शाळेची सहल आली. गुरुजींनी आल्या आल्या मुलांना खिडकीपासून लांब भिंतीशी ओळीत बसवलं, आणि जंगलाचे फायदे सांगितले. मी तिथेच होतो. एका पाहुण्यांनी मला विचारलं, “इथून काय दिसतं?”

“जंगल.”

“आणि?”

मी त्यांना पाण्याचा माठ दाखवला.

घराची देखभाल करायला ओढ्यापलीकडच्या आदिवासी वाडीतली एक बाई ठेवली होती. चाळिशीची असेल. रोज सकाळी ओढा ओलांडून यायची, झाडलोट करायची, माठ भरायची, पाहुण्यांचे खरकटे कागद गोळा करायची. काम तात्पुरतं होतं, वर्ष बघून ठरवू असं संस्थेनं सांगितलं होतं. तिला मात्र ते तात्पुरतं वाटून चालणार नव्हतं. दिवाळी झाली की तिची वाडी रिकामी होते. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं घेऊन माणसं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. ती लहानपणापासून जात आली होती, त्या वर्षीही गेली होती आणि या कामासाठी मधूनच परतली होती. उद्घाटनाच्या दिवशी नारळाचे तुकडे वाटताना तिनं मला सांगितलं होतं, “भाऊ, ह्या काम ऱ्हायला ना, तर मना भट्टीवर जायाला नाय लागनार.” हे ती मागायच्या सुरात म्हणाली नाही. नुसतं सांगितलं.

मे महिन्याच्या शेवटी साहेबांचं पत्र आलं. पाहुण्यांच्या वहीतले अभिप्राय त्यांनी वाचले होते. ‘छान वारा आहे’ आणि ‘पंख्याची सोय करावी’ असे दोन अभिप्राय शेजारी शेजारी होते. जंगलाविषयी कुणी काही लिहिलं नव्हतं. साहेबांनी कळवलं की जुलैत ते स्वतः येऊन बघतील, आणि वास्तूचा उपयोग होत नसेल तर ती कुलूप लावून ठेवतील. कुलपाला देखभाल लागत नाही, हे त्यांनी लिहिलं नव्हतं, पण मला वाचता येतं.

मी रोह्याला गेलो, वर चढलो आणि बाईंना सांगितलं की जुलैत साहेब येणार आहेत, त्यावर तुमचं काम ठरणार आहे, माझंही नाव त्यात आहे. त्यांनी मन लावून ऐकलं. “मंग काय करू?” म्हणाल्या. मला घाई होती, परतीची गाडी गाठायची होती. मी म्हटलं, “स्वतःचं घर समजून जपा.”

आणि पेणला निघून आलो. जून-जुलैत पेणमध्ये माझ्यासारख्याला उसंत नसते. कारखान्यांत मूर्ती आणि माती यांच्यामधून चालायला जागा उरत नाही, कुणाचं छप्पर गळतं, कुणाला रातोरात वाढीव शेड हवी असते. दीड महिना मी त्या घराकडे फिरकलो नाही.

साहेब ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले. मी रोह्याच्या स्टेशनात छत्री धरून उभा होतो. पेणच्या आधीचं जिते सोडल्यापासून बाहेर काही दिसलं नाही म्हणाले, आणि निडीला गाडी का थांबली तेही कळलं नाही. मी म्हटलं, तिथं स्टेशन आहे. पाऊस असा लागला होता की छत्रीचा उपयोग फक्त हात अडकवून ठेवायला होत होता. रिक्षानं पायथ्यापर्यंत गेलो आणि चढलो. साहेबांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली फाईल होती. वाटेत ते एवढंच बोलले, “पावसाळ्यातलं जंगल तुमच्या खिडकीतून बघायची उत्सुकता आहे.”

वर पोचल्यावर ते थांबले आणि इकडंतिकडं बघायला लागले.

“घर कुठंय?”

मीही बघत होतो. घराच्या जागी पेंढ्याची एक लांबलचक गंजी होती. जवळ गेल्यावर कळलं की ते आमचंच घर आहे. नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, एकावर एक, वळचणीपासून जमिनीपर्यंत, पश्चिमेची अख्खी बाजू बांधून काढलेली. आतून बांबूच्या कांब्या, वर सुंभाच्या गाठी. बावीस फुटांतला एक वीतही उघडा नव्हता. काम इतकं नेटकं होतं की मिस्त्रींनी बघितलं असतं तर त्यांनी शाबासकी दिली असती.

आपल्याकडे पावसाआधी घराची पश्चिम बाजू अशीच बांधतात. माझ्या स्वतःच्या घराला माझी आई बांधून घ्यायची. स्वतःचं घर समजून जपा म्हटल्यावर आणखी काय करायचं असतं?

आत काळोख. आणि ऊब. लोखंडी घमेल्यात निखारे होते, त्यावर काळ्या चहाचं भांडं. बाक मात्र कुणीतरी पुन्हा सरळ केला होता. त्यावर सरपण रचलेलं होतं, एका ओळीत. उद्घाटनापासून जंगलाकडे तोंड करून त्या बाकावर पहिल्यांदाच कुणी बसलं होतं, आणि ती लाकडं होती.

बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडावर काम चोख केल्याचं समाधान होतं. मला ते बघवेना.

“बाई, हे काय केलंत?”

“झाप बांधले, भाऊ. वाडीतल्या चार बाया आनल्या व्हत्या. झावल्या खालच्या गावातनं आनल्या डोक्यावर.”

“साहेब जंगल बघायला आलेत.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे आणि झापांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरचं ते समाधान गेलं.

माझं डोकं फिरलं. राग त्यांच्यावर नव्हता, पण तिथं तेवढ्याच होत्या. “काढा सगळं,” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “काढला तर पानी आत येल.” मी ऐकलं नाही. मधल्या झापाची गाठ सोडायला लागलो, सुटेना, म्हणून चहाच्या भांड्याशेजारचा कोयता घेऊन कापली आणि चार हातांचा झाप खाली ओढला.

पाऊस आत आला. आला म्हणजे अंगावरच आला. घमेल्यातले निखारे फुस्स करून विझले, पाहुण्यांची वही भिजली, फरशीवरून पाणी मागच्या भिंतीपर्यंत गेलं. साहेबांनी फाईल शर्टाच्या आत घातली. आणि एवढं करून समोर काय दिसलं म्हणाल तर पांढरं. डोंगर नाही, साग नाही, ऐन नाही. चुना मारलेल्या भिंतीसारखं सरळ पांढरं. ज्या माथ्यासाठी मी वळचण तोडली होती तो जुलै महिन्यात दिसतच नाही, हे माझ्या कागदावर कुठंच आलं नव्हतं.

“बांधा परत,” साहेब म्हणाले.

बाईंनी झाप उचलला, मी कापलेल्या सुंभाला दुसरा तुकडा जोडला आणि बांधला. मी धरायला गेलो तर चुकीच्या बाजूनं धरला. पुन्हा काळोख झाला. साहेब भिजलेला चष्मा पुसत भिंतीशी उभे होते. मी मनात कुलूप बघत होतो. बाई ओली फरशी पुसत होत्या, खाली मान घालून, जणू कामाचा शेवटचा दिवस आहे तर तो तरी नीट करावा. मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटली.

“तो उजेड कसला?” साहेबांनी विचारलं.

झापांच्या उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, तळहाताएवढा उजेड होता. झावळीची पाती तिथं मुद्दाम वळवून घेतली होती, वरून एक छोटी झापडी सोडली होती, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर उतरत होतं.

“ते माजा हाय,” बाई म्हणाल्या. “बंद करू?”

“कशासाठी आहे?”

“दगड बगायला.”

साहेब गेले, आधी वाकले, मग गुडघ्यावर आले, आणि शेवटी सरळ फरशीवर मांडी घालून बसले. त्याशिवाय डोळा भोकाला लागत नव्हता. ते भोक बाईंच्या बसत्या उंचीचं होतं.

“दगड दिसतोय,” ते म्हणाले.

“त्याच्या कमरंला पांडरा पट्टा हाय ना? पानी पट्ट्याला लागला का मना निंगायचा. मंग व्हाळ ओलांडता येत नाय.”

साहेबांनी डोळा भोकालाच ठेवला. मला वाटलं, उठतील. उठले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “दगडावर काहीतरी आलंय.”

“मुठा. खेकडा. पानी वाडला का तो वर येतो. आता तो निळा पाखरू येल, उंबराच्या फांदीव.”

“कुठली फांदी?”

“वाकडी. पान्याला टेकलेली.”

आणखी बराच वेळ गेला. बाहेर पावसानं थोडा दम खाल्ला, पुन्हा सुरू झाला. साहेब मध्येच विचारत, ते उंबराच्या मुळाशी काय हलतंय, ते पान उलटं पडल्यावर पांढरं का दिसतं, आणि बाई फरशी पुसता पुसता, भोकाकडे न बघता सांगत. दगड, एक फांदी, हातभर पाणी आणि पलीकडचा थोडा काठ, एवढंच त्यातून दिसत होतं. एवढ्यात काय काय होतं ते त्यांना पाठ होतं. साहेबांचा चहा निवला. मी विचारलं तर हातानंच थांब म्हणाले. माझ्या बावीस फुटांपुढे इतका वेळ कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मीही बसलो नव्हतो.

“निळं पाखरू आलं,” साहेब हळूच म्हणाले. शांत बसायची पाटी त्यांनी वाचली नव्हती. काळोखात ती दिसतच नव्हती.

बाईंनी फडकं पिळलं आणि कान टवकारले. “साहेब, आता बगून घ्या. दगड जातो.”

“पाणी पट्ट्याला लागलं का?”

“कवाच.”

साहेबांनी मान वळवली. “मग तुम्ही निघाला का नाहीत?”

“तुमी बगत व्हते.”

साहेब चटकन उठायला गेले आणि पाय बधिर झाल्यामुळे परत बसले. “आता जाता येणार नाही?”

“आता उद्याच.”

“मग तुम्ही कुठं राहणार?”

“हितंच,” बाई म्हणाल्या. “भाऊ बोललेत, सोताचा घर समजा.”

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या. मला टोमणा कळतो, आणि तो असता तर बरं वाटलं असतं.

साहेबांनी ओली वही मागून घेतली. लिहायला कोरडं पान मिळेना, म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलं. मला वाचायला दिलं. दगड, खेकडा, पाखरू सगळं होतं, आणि खाली, ‘बाईंना कायम करावे.’ बाईंना वाचून दाखवल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विझलेल्या घमेल्यात पुन्हा विस्तव करायला बसल्या. उतरताना साहेब मला म्हणाले, “खिडकी जरा जास्त झाली तुमची.”

मी हो म्हटलं. मिरच्या झोंबल्या होत्या, पण हो म्हटलं. पेणला पोचेपर्यंत मी साहेबांना चार चांगली उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही खरं नव्हतं.

दिवाळीनंतर बायकोला घेऊन गेलो. झाप सगळे उतरवले होते, डोंगर स्वच्छ दिसत होता, बायको म्हणाली छान वारा आहे. उजव्या कोपऱ्यातला एकच झाप जागच्या जागी होता, भोकासकट. भोकाची कड हातांनी आणि गालांनी गुळगुळीत झाली होती. त्यापुढे फरशीवर एक गोणपाट अंथरलेलं होतं.

मी बसलो आणि डोळा लावला. ओढ्याला पाणी घोट्याएवढं होतं. दगड पूर्ण उघडा, कोरडा, पांढरा पट्टा ढोपरभर वर.

“बाई, आता कशाला ठेवलंय हे? पाणी तर गेलं.”

“पाव्हणे मागतात,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “आनि परवा आमची मान्सा गेली भट्टीवर. त्याच दगडाव पाय देऊन उतरतात. बहीन गेली, तिची पोरा गेली. डोक्याव गोधड्या, कोंबड्या. दरसाल मी त्यांच्यात असते, मना कधी दिसलाच नाय आमी कशे जातो ते.”

मी भोकापासून बाजूला झालो.

“यंदा हितून बगितला,” बाई म्हणाल्या. “सगली जाईपातूर बसले व्हते.”

बायकोनं मला विचारलं, ही खिडकी पण तूच काढलीस का. मी नाही म्हटलं, आणि तिला बसायला जागा करून दिली.